दारावरचं ऊन

१

मोहझरी नगर पंचायतीचा जेसीबी रहेमान शेखच्या गॅरेजवर चालला, तेव्हा आत गॅसवर चहा उकळत होता. रहेमानची बायको हजराबी तेवढं पातेलं आणि भिंतीवरचा सासऱ्याचा फोटो घेऊन बाहेर आली. वेल्डिंगचं मशीन, ट्रॅक्टरचे सुटे भाग, दुरुस्तीला आलेली इंजिनं, सगळं पत्र्याखाली गेलं. रहेमान सामान आणायला दारव्ह्याला गेला होता. तो परतला, तेव्हा बापाने उभ्या केलेल्या गॅरेजच्या जागी विटांचा ढीग होता आणि ढिगाभोवती अर्धं गाव जमलं होतं.

"नोटीस तं द्यायची ना, साहेब," तो अतिक्रमण विभागाच्या देवरावला म्हणाला. "माणसाले बोलाले तं भेटलं पाह्यजे."

देवराव त्याच्याकडे न बघता म्हणाला, "दिली होती. घ्यायले कोणी नव्हतं म्हणून दारावर लावली. पंधरवडाभर होती लटकून. तू पाह्यली नाही, त्याले मी काय करू?"

रहेमान कोर्टात गेला. आणि दारव्ह्याच्या दिवाणी न्यायालयात नगर पंचायतीच्या वकिलाने एक फोटो पुढे ठेवला, तेव्हा रहेमानच्या स्वतःच्या वकिलाचाही चेहरा पडला.

फोटोत निळं लोखंडी दार होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'रहेमान ट्रॅक्टर गॅरेज'. दाराच्या मधोमध नोटीस चिकटवलेली, वाचता येईल इतकी स्पष्ट. खालच्या कोपऱ्यात डिसेंबरातली तारीख. गॅरेज पडलं होतं जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर.

"दार तुमचंच आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माह्यंच आहे, साहेब. नावसुद्धा मीच रंगवलं."

"मग ही नोटीस?"

"नव्हती. अल्लाकसम, एक दिवससुद्धा नव्हती."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. मग त्यांनी वकिलांच्या बाकांकडे बघितलं आणि राखी आडेचं नाव घेतलं.

"तुम्हाला कोर्ट कमिशनर नेमतो. जागेवर जा, वस्तू बघा, माणसांना विचारा. जागा कुणाची, हा प्रश्न नंतरचा. नगर पंचायतीला अतिक्रमण काढायचा अधिकार आहे. पण आधी नोटीस, मग मुदत, मग समोरच्याचं ऐकून घेणं, आणि त्यानंतरच जेसीबी. ही नोटीस या दारावर लागली होती का, एवढंच मला सांगा."

राखी उठून उभी राहिली. ती बोरी अरबजवळच्या तांड्यातली, तांड्यातली पहिली वकील. दारव्ह्यात तिची ओळख एका गोष्टीसाठी होती: ती कुणाच्या सांगण्यावर भरवसा ठेवत नसे, जाऊन बघत असे. आज मात्र तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. कारण त्या नोटिशीखाली सही होती मुख्याधिकारी अर्पिता गायधने यांची, आणि राखीच्या मते अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्याइतका सरळ अधिकारी दुसरा नव्हता.

२

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, राखी मोहझरीला उतरली. गॅरेजची जागा दारव्हा रस्त्यालाच लागून होती. रस्ता समोर, उत्तरेला. मागे, दक्षिणेला, मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती. मधे मोकळं मैदान आणि त्यात ढीग. जिथे दार होतं, तिथे ती जाऊन उभी राहिली. अंगावर स्वच्छ ऊन पडलं. डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या.

तिने पिशवीतून फोटो काढला. फोटोतही दारावर असंच ऊन होतं. कोयंड्याची काळी सावली बाजूला पडली होती, आणि दारावरून काही काळसर पट्ट्या आडव्या गेल्या होत्या. तिने वर तारांकडे पाहिलं, पुन्हा पट्ट्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली. जुळत होतं. रहेमानच्या विरुद्ध जुळत होतं.

"दार कुठंय आता?" तिने विचारलं.

"नगर पंचायतवाले घेऊन गेले," रहेमान म्हणाला. "जप्त म्हणे. दार, पत्रे, मशीन, सारं."

हजराबी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. राखी तिच्याजवळ टेकली. "चाची, फोटोतलं दार नीट पाहा. काही वेगळं वाटतं?"

हजराबीने फोटो डोळ्यांजवळ नेला. "दार आपलंच आहे, बेटा. या दारापुढं माह्यी उमर गेली. संक्रांतीच्या आधी मी पापड केले. पापड वाळवाले समोरच्या बाजूले जा लागे मले, त्या पानवाल्याच्या ओट्यावर. दर थंडीत जातो. दिवसातून कितीक वेळा या दारातून आत-बाहेर केलं असंन. कागद चिकटवेल असता तं दिसला नसता काय?"

राखीने हे टिपून घेतलं. पण बायकोची साक्ष कोर्टात कितीशी टिकणार, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात एक पांढरी गाडी थांबली आणि नगराध्यक्ष खेमसिंग उतरले. राखीच्या तांड्याशी त्यांचं दूरचं नातं होतं, त्यामुळे ते तिच्याशी घरच्यासारखे बोलत.

"बेटी, तू कायले उन्हात फिरून राह्यली? कागद साफ आहे ना."

"काका, तुमच्या पुतण्याला या कोपऱ्यावर हॉटेल टाकायचंय, असं गाव म्हणतं."

खेमसिंग मोकळं हसले. "म्हणू दे. जागा भेटली तं टाकंनही. पण हे काम माह्यं नाही. मी त्या दिवशी यवतमाळले होतो, फोन आला म्हणून धावत आलो. आलो तं जेसीबी मागच्या खोलीची फरशी फोडून राह्यला होता. अन् खालून काय निंघालं, माहीत आहे? सिमेंटचा जुना नळ. नाल्याचा. कोणाले म्हणून माहीत नव्हतं. मुख्याधिकारी मॅडमसुद्धा पाहतच राह्यल्या. मी म्हटलं, मॅडम, तुमचा अंदाज खरा निंघाला, वस्तीचं पाणी इथंच अडते."

"रहेमानचाचांनाही माहीत नव्हतं?"

"त्याच्या बापानं वाढवली होती ती खोली. त्यालेही त्याच दिवशी समजलं."

ते गाडीत बसून गेले. कोपऱ्याची जागा, पुतण्या, हॉटेल: संशय घ्यायला यापेक्षा सोपा माणूस मिळाला नसता. राखीला मात्र एवढ्या सोप्या माणसाची भीती वाटायची. गावाने ज्याला आधीच दोषी ठरवलंय, त्याच्यामागे लपणं दुसऱ्याला फार सोयीचं असतं.

३

मागच्या वस्तीत सुखीबाईने तिला पाणीही विचारलं नाही.

"तुमी रहेमानच्या बाजूनं आल्या," ती म्हणाली. "पावसाळ्यात या. चुलीत पाणी शिरते आमच्या. लेकरं पाटावर बसवून रात काढतो. कितीक अर्ज केले, कोणी फिरकलं नाही. ह्या मॅडम आल्या, गुडघाभर पाण्यात उतरल्या, म्हणल्या, सुखीबाई, पुढच्या पावसाआधी मी हे मोकळं करते. अन् केलं. आता तुमी काहून मधात येऊन राह्यल्या?"

"गॅरेज पाडल्यावर पाणी जायला लागलं का?"

"ते पावसात समजंन. पण कोणी तं काही केलं ना आमच्यासाठी."

राखीने हेही टिपून घेतलं. ती तिथून नगर पंचायतीच्या कार्यालयात गेली.

अर्पिता गायधनेंच्या खोलीत पाट्या, तसबिरी, हार काहीच नव्हतं. टेबलावर शहराचा नकाशा होता. शाळेजवळचा दारूचा अड्डा त्यांनीच उठवला होता. गावात पहिल्यांदा एक दिवसाआड नळाला पाणी येत होतं, तेही त्यांच्यामुळेच. मागच्या वर्षी त्या तांड्यावर आल्या होत्या, मुलींशी बोलायला, आणि ओट्यावर बसून राखीच्या आईच्या हातची भाकरी खाऊन गेल्या होत्या.

"विचारा, राखी मॅडम. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या.

"नोटीस तुम्ही काढली?"

"माझी सही आहे. प्रत तुमच्याकडे आहे."

"दारावर लावताना तुम्ही हजर होता?"

"ते काम देवरावांचं." हे सांगताना त्यांनी नकाशाचा कोपरा सरळ केला. तो आधीच सरळ होता.

देवराव बाहेर व्हरांड्यात भेटला. वागणं गरिबाचं, बोलणं तयार. आपण एकटेच गेलो, दार बंद होतं, खळ लावून कागद चिकटवला, मोबाइलवर फोटो काढला.

"तो मोबाइल दाखवता?"

"पाण्यात पडला, मॅडम. मेला."

"किती वाजता लावली नोटीस?"

"दुपारच्यानं."

"ऊन होतं?"

देवरावने तिच्या हातातल्या फोटोकडे नजर टाकली. "होतं ना. दिसूनच राह्यलं. चांगलं कडक होतं."

राखी पायऱ्या उतरली. खेमसिंगांना जागा हवी होती. देवरावला आपली चूक झाकायची असेल: नोटीस निघाली, याने लावलीच नाही, आणि मग फोटोत काहीतरी कलाकारी केली. पण फोटोत कलाकारी कुठे दिसत नव्हती. दारव्ह्यातल्या स्टुडिओवाल्याला तिने तो दाखवला होता. तो म्हणाला, तारीख काय, मोबाइलात कोणतीही घालता येते, पण चित्र जोडलेलं नाही. खरं दार, खरा कागद, खरी सावली. सगळंच खरं, आणि तरी रहेमान खोटं बोलतोय असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

४

दोन दिवसांनी रविवार. राखी तांड्यावर, घरी. तिची आई मानीबाई ओट्यावरची बाज ओढत अंगणापलीकडे, बाभळीच्या कुंपणापाशी नेत होती.

"याडी, एवढ्या दूर काहून नेतेस?"

"मंग काय करू? थंडीच्या दिवसांत आपल्या ओट्यावर ऊन येतेच कुठं? घर उत्तरेच्या तोंडाचं बांधलं तुह्या बापानं. म्हणे उन्हाळ्यात थंड राहते. थंडीत मराले झालं." मानीबाईने बाज टेकवली आणि शेंगांचं सूप मांडीवर घेतलं. "तुह्या त्या मॅडमची केस आहे म्हणे तुह्याकडं. चांगली बाई आहे. तिच्यामागं नको लागू."

राखीने ऐकलंच नाही. ती ओट्याकडे बघत होती. सूर्य दक्षिणेकडून कललेला, घराची सावली पुढच्या अंगणात अर्ध्यापर्यंत पसरलेली. दार, चौकट, ओटा, सगळं सावलीत. सकाळीही तसंच असायचं, संध्याकाळीही तसंच. अख्खा हिवाळा.

पापड वाळवाले समोरच्या बाजूले जा लागे मले. दर थंडीत.

ती तशीच उठली, मोटरसायकलला किक मारली आणि मोहझरी गाठली. गॅरेजच्या शेजारचं दुकान अजून उभं होतं, तेही उत्तरेच्या तोंडाचं. भर दुपार होती, समोरच्या पानवाल्याच्या ओट्यावर लखलखीत ऊन होतं, आणि या दुकानाचं शटर वरपासून खालपर्यंत गार सावलीत होतं. हात लावला तर लोखंड थंड.

आदल्या खेपेला ती दाराच्या जागेवर उन्हात उभी राहिली होती, हे खरं. पण तेव्हा मागची भिंत आणि छप्पर नव्हतंच. जेसीबीने ते पाडलं होतं, म्हणून ऊन आलं होतं. गॅरेज उभं असताना डिसेंबरात त्या दारावर उन्हाचा एक कवडसाही पडणं शक्य नव्हतं.

आणि फोटोत दार उन्हाने न्हाऊन निघालं होतं.

राखी पायरीवर बसली. ऊन नाही तर सावली नाही. मग त्या काळसर पट्ट्या तारांच्या नव्हत्या. फोटो काढला तेव्हा ते दार या भिंतीतच नव्हतं. ते दुसरीकडे होतं, दक्षिणेला तोंड करून, कशाच्या तरी सावलीपाशी. प्रश्न एवढाच उरला की कुठे.

५

जप्त केलेलं सामान नगर पंचायत पाण्याच्या टाकीच्या आवारात ठेवते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी न्यायालयाचा आदेश दाखवून राखीने आवार उघडायला लावलं. सोबत रहेमान होता, आणि पंच म्हणून दारव्ह्याचे दोन वकील. देवराव किल्ल्या घेऊन आला. त्याने कुलूप उघडलं.

आत पत्रे, हातगाड्या, मोडक्या टपऱ्या. आणि पंपघराच्या भिंतीला टेकून उभं असलेलं निळं दार. भिंतीचं तोंड दक्षिणेला. दारावर सूर्य सरळ येत होता. दाराच्या मधोमध वाळलेल्या खळीचे पांढरे डाग होते.

राखीने मागे वळून पाहिलं. दारासमोर टाकीचा उंच खांब होता आणि खांबाला लोखंडी शिडी. आवाराच्या भिंतीच्या सावलीत ती दगडावर बसून राहिली. सोबतचे वकील कंटाळून मोबाइल बघू लागले. सूर्य थोडा सरकला, तशी शिडीची सावली जमिनीवरून चढत दारावर आली. एक पायरी, मग दुसरी, मग तिसरी. काळसर आडव्या पट्ट्या 'रहेमान' या अक्षरांवरून सावकाश पसरल्या.

राखीने फोटो उचलून दाराशेजारी धरला. वकिलांनी मोबाइल खिशात टाकले.

"देवरावभाऊ," ती म्हणाली, "हे दार इथं कधी आलं?"

"पाडलं... त्या दिवशी."

"म्हणजे फोटो त्याच्यानंतरचा."

देवराव म्हणाला, "मॅडम, माह्यी नोकरी आहे. मले जेवढं सांगितलं, तेवढं मी केलं."

"कुणी सांगितलं?"

रहेमान देवरावकडे बघत होता, पण त्या नजरेत राग नव्हता. तो फक्त म्हणाला, "सांग ना, भाऊ. मी काही नाही म्हणणार तुले."

देवराव तरी बोलला नाही. आणि राखीला त्याने बोलायची गरजही उरली नव्हती. नोटिशीची प्रत तिच्या पिशवीत होती आणि त्यातलं एक वाक्य तिला आता पाठ झालं होतं: 'सदर बांधकामाच्या फरशीखालून नाल्याचा जुना सिमेंटचा नळ जात असून बांधकामामुळे पाण्याचा निचरा अडला आहे.'

फरशीखालचा नळ. जो फरशी फुटेपर्यंत कुणालाच माहीत नव्हता. खेमसिंगांनी सहज सांगितलं होतं, तेव्हा तिने ते ऐकून सोडून दिलं होतं. डिसेंबरच्या नोटिशीत जानेवारीत सापडलेला नळ आला कसा? एकाच प्रकारे. ती नोटीस डिसेंबरात लिहिलीच गेली नव्हती. गॅरेज पाडून झाल्यावर कुणीतरी बसून ती लिहिली आणि मागची तारीख घातली. देवराव नुसता कागद लावायचा विसरला असता, तर कागद तरी जुना असता. खेमसिंगांचा त्यात हात असता, तर तो नळाचा किस्सा त्यांनी वकिलाला आपण होऊन सांगितला नसता.

नोटिशीवर सही एकाच व्यक्तीची होती.

६

"बसा," अर्पिता गायधने म्हणाल्या. देवरावने आधीच फोन केला असावा. त्यांनी दार लावून घेतलं.

राखीने ऊन, शिडी, नळ, सगळं सांगितलं. अर्पिताताईंनी मधे एकदाही तिला अडवलं नाही.

"देवरावला मी सांगितलं," शेवटी त्या म्हणाल्या. "अहवालात हे वेगळं लिहा. त्याचा दोष कमी आहे."

"का केलंत?"

"तुम्ही सुखीबाईच्या घरात पावसाळ्यात गेलाय का? मी गेलेय. नोटीस दिली असती, तर रहेमाननं वकील लावला असता, स्थगिती आणली असती, दोन-तीन वर्षं गेली असती. तोवर माझी बदली. माझ्या आधीच्या सगळ्यांचं असंच झालं. आणि नळ निघाला की नाही? माझा अंदाज खरा ठरला की नाही?"

"ठरला."

"मग मी चुकीचं काय पाडलं?"

याच बाईने ओट्यावर बसून तिच्या आईची भाकरी खाल्ली होती. तांड्यातल्या मुली अजून तिचं नाव घेत.

"मॅडम, तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण फरशी फोडेपर्यंत तुम्हालाही खात्री नव्हती. नळ निघाला नसता तर? आणि समजा तुम्ही दर वेळी बरोबरच निघालात. पण ही खुर्ची तुमची नाही. उद्या इथं दुसरं कोणी बसेल, कोपऱ्यावर हॉटेल काढायचं असेल असं कोणी. न विचारता पाडायचं आणि मागून कागद करायचा, ही वाट तुम्ही त्याच्यासाठी करून ठेवली. त्याच्या जेसीबीपुढं सुखीबाईची झोपडी आली, तर ती कशाच्या आधारानं त्याला थांबवणार?"

अर्पिताताईंनी नकाशावर हात ठेवला.

"पाडलं तेव्हा घाई होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी त्याच्या वकिलाचं पत्र आलं, तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. तेव्हा थांबता आलं असतं. म्हणजे चूक कबूल करता आली असती. मला वाटलं, एवढ्यासाठी सगळं केलेलं काम धुऊन जाईल." मग त्यांनी राखीकडे पाहिलं. "तुम्ही हे सगळं लिहिणार."

"हो."

"लिहा. मी तुमच्या जागी असते, तर मीही लिहिलं असतं."

राखी तिथून बाहेर पडली. अहवाल तिने त्याच संध्याकाळी लिहून काढला.

७

सुनावणीला नगर पंचायतीचे वकील उठले आणि सावल्यांवर काय भरवसा ठेवायचा, असं बोलू लागले. मागच्या बाकावरून अर्पिता गायधने उभ्या राहिल्या.

"साहेब, फोटो मी काढवून घेतला आहे. नोटीस नंतर लिहिली. अहवाल बरोबर आहे."

वकील खाली बसले.

न्यायाधीशांनी निकाल मराठीत वाचला, रहेमानला समजेल असा. सरकारचा हेतू कितीही चांगला असला, तरी न ऐकता कुणाचं छप्पर काढायचा अधिकार सरकारला कुणी दिलेला नाही. नगर पंचायतीने गॅरेज होतं तसं बांधून द्यावं. त्यानंतर अतिक्रमण वाटत असेल, तर कायद्याने नोटीस द्यावी. खोट्या कागदाची चौकशी वेगळी होईल. ती सुरू झाली. अर्पिताताई निलंबित झाल्या, दारव्ह्याच्या एका अधिकाऱ्याकडे मोहझरीचा कारभार आला.

"बांधायचं अन् मंग पुन्हा पाडाले नोटीस द्यायची," खेमसिंग राखीला म्हणाले. "हे कोणतं डोकं म्हणायचं, बेटी?"

"बघा तर खरं, काका."

एप्रिलमध्ये गॅरेज उभं राहिलं. मेच्या सुरुवातीला नोटीस आली, रहेमानच्या हातात, सही घेऊन. मुदत संपली आणि नगर पंचायतीच्या सभागृहात सुनावणी लागली. ती उघडी असते, त्यामुळे मागच्या वस्तीतून सुखीबाईही आली. तिने रहेमानच्या समोरची खुर्ची घेतली. पाठीला पाठ लावून इतकी वर्षं राहिलेली ही दोन माणसं एका टेबलाशी पहिल्यांदाच बसली होती.

नव्या मोजणीत एक गोष्ट निघाली. नळ फक्त मागच्या खोलीखालून तिरपा जाऊन बाजूच्या गल्लीत उतरत होता. पुढचं गॅरेज त्याच्या आसपासही नव्हतं. जेसीबीने जे पाडलं, त्यातला बराचसा भाग पाडायचं कारणच नव्हतं. आणि नळ गल्लीच्या तोंडाशी फुटला होता, तो अजून तसाच फुटका होता.

अधिकाऱ्याने विचारलं, "रहेमान शेख, तुमचं म्हणणं?"

रहेमान उठला. बोलायचं म्हणून घरून ठरवून आला होता, बापाचं नाव, कराच्या पावत्या, सगळं. पण सुखीबाई आधीच बोलून गेली होती: चुलीतल्या पाण्याबद्दल, पाटावर बसवलेल्या लेकरांबद्दल. तो तिच्याकडेच वळला.

"भाभी, एवढं पाणी येते तुमच्या घरात?"

"दर साली येते."

"मले कोणी सांगितलंच नाही. मले वाटे, वस्तीत सगळीकडंच येते." त्याने कपाळ पुसलं. "साहेब, पुढचं माह्यं आहे, ते मी सोडणार नाही. मागची खोली मीच काढून घेतो. मले जेसीबी नको. पुन्हा कोणाचं सामान दबायले नको."

अधिकाऱ्याने तसा आदेश केला: मागची खोली मालकाने स्वतः काढावी, नळ नगर पंचायतीने पावसाआधी बदलावा, पुढच्या गॅरेजला हात लावू नये. सुखीबाईने अंगठा उमटवला, रहेमानने सही केली. राखी मागे उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि ते तिला फार आवडलं.

शुक्रवारी नमाजानंतर रहेमानने बाह्या सावरल्या. वस्तीतून सुखीबाईचा नवरा घमेलं घेऊन आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. रहेमानने छन्नी लावली, हलकेच ठोकली, आणि मागच्या भिंतीची पहिली वीट अख्खी निघाली. त्याने ती झटकून बाजूला रचून ठेवली आणि दुसऱ्या विटेला हात घातला.